आरोपी बरोबर, कलम चुकीचे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. व्हँकुव्हरच्या न थांबणाऱ्या पावसाबद्दल दोन पाने लिहून झाल्यावर शेवटी, जाता जाता, तू कळवलेस की ‘टाइमकॉप’ या कालप्रवासाच्या चित्रपटाचे चित्रीकरण तुझ्याच शहरात झाले होते आणि पडद्यावर जे वॉशिंग्टन म्हणून दिसते, ते प्रत्यक्षात तू रोज ओलांडतोस त्याच रस्त्यांच्या आसपासचे आहे. त्या एका वाक्याने माझी जुनी खपली निघाली. भाड्याने आणलेली ती कॅसेट वेळेत परत करायची सोडून आपण दोघे रात्री दीडपर्यंत भांडत बसलो होतो, हे तुला आठवत असेलच. तुझे म्हणणे होते की या गोष्टीतला सर्वांत मोठा गुन्हेगार नायकच आहे, आणि मी तुला वेड्यात काढले होते. परवा रविवारी तो चित्रपट मी पुन्हा, या वेळी वही घेऊन, पाहिला. तेव्हा पत्रास कारण की, त्या भांडणाचा निकाल लावायचा आहे.

चित्रपट १९९४चा. पीटर हायम्स यांनी त्याचे दिग्दर्शन केले आणि छायाचित्रणही स्वतःच केले. त्यामुळे बहुतेक महत्त्वाच्या घटना अंधारात किंवा पावसात घडतात, हे तेव्हा आपल्या धूसर कॅसेटमुळे वाटले होते, पण तो दोष कॅसेटचा नव्हता. मूळ कथा डार्क हॉर्स या प्रकाशनाच्या कॉमिकमधली, माइक रिचर्डसन आणि मार्क व्हर्हायडन यांची. जगभरात मिळून १० कोटी डॉलरांहून अधिक कमाई झाली, पुढे १९९७मध्ये नऊ भागांची मालिका आली आणि गुंडाळली गेली, २००३मध्ये दुसऱ्याच नटाला घेऊन थेट व्हिडिओवर पुढचा भाग आला. या सगळ्यात मला फारसा रस नाही.

मला रस आहे तो पहिल्या पाच-सात मिनिटांत. १८६३चे अमेरिकेतले जॉर्जिया, यादवी युद्ध ऐन भरात, दक्षिणेकडच्या सैन्याचे सोने घेऊन निघालेले सैनिक, आणि त्यांच्या वाटेत उभा असलेला एकटा माणूस, ज्याच्या अंगरख्याखालून निघतात ती लेझरचा लाल ठिपका टाकणारी स्वयंचलित शस्त्रे. पुढच्याच दृश्यात आपण १९९४मधल्या एका बंद दालनात येतो, जिथे काळात मागे जाणे शक्य झाले आहे, त्याचा गैरवापर सुरू झाला आहे आणि त्यासाठी एक खाते काढावे लागेल, अशी चर्चा चालली आहे. खाते म्हटले की निधी आला, निधी आला की देखरेख समिती आली, आणि समितीचे अध्यक्षपद आनंदाने पत्करतो तो सिनेटर मॅककोम्ब. लहानपणी ही चर्चा आपण पुढे ढकलून पाहिली होती, कारण तिच्यात मारामारी नव्हती. खरे तर सगळा चित्रपट तिथेच आहे. दहा वर्षांनी, म्हणजे २००४मध्ये, या मॅककोम्बला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवायची असते, त्यासाठी पैसा हवा असतो, आणि ज्या भूतकाळाची राखण करायला त्याला बसवले, त्याच भूतकाळात माणसे पाठवून तो पैसा उभा करतो. कुंपणच शेत खाते हे आपल्याला नवे नाही. फक्त इथे शेत म्हणजे होऊन गेलेला सगळा काळ आहे. कालयंत्रावरच्या कथांमध्ये सहसा वेडा शास्त्रज्ञ असतो किंवा जगज्जेता होऊ पाहणारा कोणी असतो. निवडणूक निधीसाठी इतिहास फोडणारा खलनायक मला त्या सर्वांपेक्षा खरा वाटला, आणि रॉन सिल्व्हर यांनी तो इतक्या गोड आवाजात रंगवला आहे की त्याला मत द्यावेसे वाटते.

आता आपल्या खटल्याकडे येतो. तुझी बाजू मांडताना तू अॅटवूडला विसरला होतास, म्हणून तुझ्या वतीने मीच त्याला उभा करतो. अॅटवूड हा नायक मॅक्स वॉकरचा जुना सहकारी, म्हणजे स्वतःच काळाचा पोलीस. ऑक्टोबर १९२९च्या कोसळलेल्या बाजारात न्यू यॉर्कला बसून तो मातीमोल भावाने समभाग घेत असतो. वॉकर त्याला पकडतो, तेव्हा तो मॅककोम्बचे नाव सांगतो, पण साक्ष द्यायला तयार होत नाही, कारण साक्ष दिली तर मॅककोम्ब त्याच्या घरच्यांना मुळातूनच इतिहासातून पुसून टाकील. तो खिडकीतून उडी मारतो. वॉकर त्याला पडता पडता हवेतच धरून २००४मध्ये आणतो, खटला उभा राहतो, शिक्षा सुनावली जाते, आणि शिक्षा कोणती, तर त्याला १९२९मधल्या त्याच पडण्यात परत सोडायचे. उरलेले मजले त्याने पूर्ण करायचे. त्या वयात आपण या दृश्यावर टाळी वाजवली होती. परवा मी चित्रपट थांबवून चहा करून आलो.

याच वॉकरची बायको मेलिसा १९९४मध्ये घरावरच्या हल्ल्यात मारली गेलेली असते. शेवटी तो त्या रात्री परत जातो, तिला वाचवतो आणि २००४मध्ये परततो, तेव्हा दारात बायको, आणि त्या रात्री तिच्या पोटात असलेला मुलगा आता नऊ-दहा वर्षांचा. तुझा आरोप हाच होता: इतिहास बदलू नये म्हणून ज्याला पगार मिळतो, त्याने स्वतःच्या घरासाठी तो बदलला. ऐकायला बिनतोड वाटते, पण टिकत नाही. हल्लेखोर हे २००४मधून मॅककोम्बने पाठवलेले होते. म्हणजे मेलिसाचा मृत्यू हीच मुळी इतिहासात घुसडलेली चोरीची नोंद होती, आणि ती खोडणे हे वॉकरच्या नोकरीतच बसते. त्याने दु:खात काढलेली दहा वर्षे बनावट होती, असे फार तर म्हणता येईल, आणि ती त्याला कोण भरून देणार हा प्रश्न वेगळा.

पण मित्रा, इथेच मी हरलो. या चित्रपटाचा एक नियम आहे: एकच द्रव्य एकाच वेळी एकाच जागी दोनदा असू शकत नाही, म्हणून एकाच माणसाची दोन वयांतली रूपे एकमेकांना शिवली तर दोघेही संपतात. वॉकर १९९४च्या तरुण मॅककोम्बला निरोप धाडून त्या घरी बोलावून घेतो आणि २००४मधून आलेल्या म्हाताऱ्या मॅककोम्बच्या अंगावर ढकलतो. दोघे एकमेकांत विरघळून जमिनीवर चिखल होतात आणि नाहीसे होतात. त्या तरुण माणसाने त्या दिवसापर्यंत काय केले होते? तो महत्त्वाकांक्षी होता, आणि त्याच्या भागीदाराचा खून भविष्यातून आलेल्या त्याच्याच रूपाने त्याच्या डोळ्यांदेखत केला होता. गोड खाणे कमी कर म्हणून तो म्हातारा त्याला झापतो, तेव्हाचा त्याचा चेहरा पुन्हा पाहा. तो गांगरलेला आहे. १९२९चे समभाग, मेलिसावर हल्ला, यातले काहीही त्याच्या हातून अजून घडलेले नव्हते. वॉकरने त्याला न केलेल्या गुन्ह्यासाठी मारले, शिवाय एक निवडून आलेला सिनेटर दहा वर्षांच्या इतिहासातून काढून टाकला. कोणाचाही जीव न घेतलेला अॅटवूड उरलेले मजले पडतो, आणि वॉकर घरी जेवायला जातो, कारण आधीचे जग आठवणारा साक्षीदार तो एकटाच उरला आहे. म्हणजे तू आरोपी बरोबर धरला होतास, कलम चुकीचे लावलेस.

जाता जाता एक गंमत. स्टीफन हॉकिंग यांनी १९९२मध्ये एका शोधनिबंधात असे मांडले की भौतिकीचे नियमच भूतकाळात जाण्याची वाट बंद ठेवत असावेत. आणि विश्व इतिहासकारांसाठी सुरक्षित ठेवणारे जणू एक कालरक्षण खाते असावे, असा विनोदही त्याच निबंधात केला. त्या खात्याला ना निधी लागतो, ना अध्यक्ष. त्यात मॅककोम्बला शिरायला जागाच नाही.

आणि हो, स्वयंपाकघरातली ती उडी अजूनही तशीच अचाट आहे. ओल्या फरशीत वीज उतरणार, एवढ्यात वॉकर झालेला जाँ-क्लोद व्हॅन डॅम दोन्ही ओट्यांवर पाय फाकून हवेत बसतो. तू आमच्या ओट्यावर तो प्रयोग केला होतास आणि आईचा पितळी डबा चेपला होता. तो डबा अजून आहे, आणि आई अजून माझेच नाव घेते. कालयंत्र मिळाले तर आधी तेवढे दुरुस्त करीन म्हणतो.

कलमाबाबत तुझे उत्तर सविस्तर येऊ दे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
कॅसेटचा दंड भरलेला मित्र