शेंगदाण्याएवढी गाठ

येळ्ळूर,
रविवार, रात्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर 'सगळं ठीक आहे' म्हणालो, ते खरं नव्हतं. तुझी वहिनी शेजारीच बसून भाताची पोती शिवत होती. आता ती झोपलीय, म्हणून लिहायला बसलो.

दीड महिना तिचा खोकला जाईना. सुगीची धूळ म्हणून आम्ही दिवस ढकलले. शेवटी बेळगावात एक्स-रे काढला, मग सीटी स्कॅन. उजव्या फुप्फुसात, वरच्या भागात, 14 मिलिमीटरची गाठ.

तो रिपोर्ट मी दोन दिवस खताच्या पावत्यांच्या पिशवीत दडवला. रात्री परड्यात जाऊन मोबाईलवर एकेक शब्द शोधायचो आणि जास्तच घाबरायचो. तिसऱ्या दिवशी चहा देताना ती म्हणाली, "पिशवीतला कागद वाचून दाखवा. मराठीत."

दवाखान्यातला फॉर्म कन्नडात, रिपोर्ट इंग्रजीत, आणि मला 'नोड्यूल'ला गाठीशिवाय शब्द सुचेना. आपल्याकडे गाठ म्हटलं की पुढचं कुणाला ऐकू येत नाही. तिने ऐकलं. "केवढी?" म्हणाली. पोराच्या कंपासमधली पट्टी आणली, डब्यातला शेंगदाणा त्यावर ठेवला, त्याचा पापुद्रा काढून पुन्हा मोजला. "एवढी," म्हणाली, आणि दूध उतू जाईल म्हणून उठली. मी तिथेच बसून राहिलो. ते दोन दिवस मी तिला एकटीला ठेवलं, हे मला फार लागलंय रे.

नंतर डॉक्टरांकडे दोघं मिळून गेलो. 3 सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला नोड्यूल म्हणतात, ती कशाची आहे हे त्या शब्दात नसतं, असं ते म्हणाले. जुन्या टीबीचा व्रणही असू शकतो. तिच्या वडिलांना टीबी झाला होता. पण कडा काटेरी दिसतात, त्यामुळे तीन महिने थांबून बघूया असं ते म्हणेनात. पेट स्कॅनबद्दल मी विचारलं. त्यात शिरेतून साखरेसारखं किरणोत्सारी औषध देतात, जिथल्या पेशी जास्त साखर ओढतात ती जागा उजळते. पण टीबीची गाठसुद्धा तशीच उजळू शकते. खरं काय ते सुईने काढलेल्या तुकड्यातूनच कळेल. सुई पुढच्या बुधवारी आहे. तुकड्याच्या रिपोर्टला त्यापुढे आणखी काही दिवस.

दिवसा कामात निभावतं. रात्री तिचा श्वास ऐकत पडतो. ती खोकली की जीव धसकतो, नाही खोकली तरी धसकतो.

बुधवारी तू ये. कोल्हापुरातून पहिली एसटी धरलीस तर वेळेत पोचशील. तिला आत नेल्यावर दवाखान्याच्या बाकावर मला एकट्याला बसवणार नाही. आणि वहिनीशी हळू आवाजात, कीव आल्यासारखा बोलू नको. शेजारच्या काकू तशा बोलल्या, तर दिवसभर तिने जेवण केलं नाही. नेहमीसारखा भांड तिच्याशी.

येताना काही आणू नको. नवीन बासमती गिरणीतून आणलाय. तुझं दहा किलोचं पोतं तिने परवाच शिवून, तुझं नाव घालून बाजूला ठेवलंय.

तुझाच,
येळ्ळूरकर