वरच्या मजल्यावरच्या दादांना, आईच्या रिपोर्टांबद्दल

दादा,

समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. जरा सविस्तरच लिहिते, माझ्यासारखं अजून कोणी अडकलं असेल तर त्यालाही उपयोग होईल.

आई सांगलीला, मी पुण्यात. तिच्या किडनीचे सगळे कागद मी स्कॅन करून घरच्या रास्पबेरी पायवर (छोटासा कॉम्प्युटर) पेपरलेस-एनजीएक्स या कागद साठवून शोधायच्या सॉफ्टवेअरमधे ठेवलेत. मिरजेला डॉक्टरांकडे ती शेजारच्या काकूंबरोबर जाते, दोघींनाही मोबाइलवर फाइल उघडणं जमत नाही, आणि डॉक्टरांनी मागचं क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला रक्तातला आकडा) किती होतं विचारलं की काकू माझ्या ऑफिसच्या डेस्कवर फोन लावतात. माझा मोबाइल तेव्हा लॉकरमधे असतो, आमच्या फ्लोअरवर न्यायला बंदीच आहे. समोर ऑफिसचा कॉम्प्युटर, ज्यावर काहीही इन्स्टॉल करता येत नाही. आकडे माझ्याच घरातल्या शेल्फवर, आणि मी म्हणायचे "संध्याकाळी बघून सांगते". तोवर आई घरी परत आलेली असायची.

ते कागद ऑफिसमधून दिसावेत म्हणून तीन शनिवार-रविवार मी पोर्ट फॉरवर्डिंगमधे, म्हणजे राउटरवर बाहेरून आत यायची वाट उघडण्यात, घालवले होते. तुम्ही आलात आणि फक्त एवढंच म्हणालात, राउटरवरचा वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) वाच. १०० ने सुरू होत होता, दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला, म्हणजे सीजीनॅट. एकच पब्लिक आयपी कितीतरी घरांत वाटलेला, बाहेरून येणारं कनेक्शन माझ्या राउटरपर्यंत पोचतच नव्हतं, मी कितीही पोर्ट उघडले तरी. मला त्या दिवशी खरंच रडू आलं, कारण इतके दिवस मला वाटत होतं की मलाच जमत नाहीये.

मग क्लाउडफ्लेअर टनेल, म्हणजे क्लाउडफ्लेअर कंपनीच्या सर्व्हरमधून घरापर्यंतची वाट. घरातला रास्पबेरी पायच आतून बाहेर कनेक्शन जोडतो, त्यामुळे सीजीनॅट आडवा येत नाही, आणि ऑफिसच्या बाजूला फक्त ब्राउजर लागतो, कुठलीही वेबसाइट उघडते तसं साधं ४४३ पोर्टवरचं एचटीटीपीएस. वायरगार्ड हे व्हीपीएन तिथे चालणारच नव्हतं, त्याला अ‍ॅप लागतं आणि ते यूडीपीवर चालतं, साध्या वेबसाइटसारखं नाही.

पण दादा, मला आभार मानायचेत ते याच्या पुढच्या गोष्टीचे. तुम्ही म्हणालात, "तो कॉम्प्युटर तुझा नाही, आधी लेखी विचार." मी वैतागले होते. तरी ऑफिसच्या आयटीवाल्यांना मेल केला, खरं कारण लिहिलं, माझं डोमेन (टनेलचा वेब पत्ता) नवीन असल्यामुळे ब्लॉक होतं ते त्यांनी तपासून उघडून दिलं, आणि टनेलमधून आत शिरायला लागणारा ओटीपी ऑफिसच्या मेलवर मागवायलाही हरकत नाही म्हणाले (माझा स्वतःचा मेल तिथे उघडतच नाही). लपूनछपून केलं असतं तर रोज धाकधूक झाली असती.

आणि ते सर्टिफिकेट! ऑफिसमधे ब्राउजरच्या कुलपावर क्लिक करून कोणी दिलंय बघ म्हणालात, बघितलं तर कंपनीचंच. म्हणजे मधला प्रॉक्सी (ऑफिसचा सगळं ट्रॅफिक ज्यातून जातं तो सर्व्हर) सगळं उलगडून वाचू शकतो, पासवर्डसुद्धा. क्लाउडफ्लेअरकडेही ट्रॅफिक उलगडतंच हेही तुम्ही लपवलं नाहीत. म्हणून पेपरलेसमधे वेगळा युजर, वेगळा पासवर्ड, त्याला फक्त आईचे रिपोर्ट बघता येतात, बदलता काहीच येत नाही. व्हॉल्टवॉर्डन (माझे पासवर्ड) आणि इमिचमधले (फोटोंचं सॉफ्टवेअर) फोटो टनेलवर टाकायचेच नाहीत, ते माझ्या मोबाइलवर टेलस्केल या व्हीपीएनने, शिफ्ट सुटल्यावर. नुसतं चालू करून देणारे खूप भेटतात, काय उघडं ठेवायचं नाही हे इतक्या काळजीने बसून सांगणारे तुम्हीच भेटलात.

परवा काकूंचा फोन आला. मी ओटीपी टाकला, सर्चमधे क्रिएटिनिन लिहिलं, आणि मागचे तीन आकडे तारखेसकट वाचून दाखवले, डॉक्टरांनी ते तिथेच लिहून घेतले. मग आई फोनवर आली आणि म्हणाली, "लगेच सापडलं होय गं?"

बॅकअपचं तुम्ही सांगितलेलं अजून राहिलंय. रविवारी हार्डडिस्क घेऊन वर येते, आईने तुमच्यासाठी बेदाणे दिलेत तेही आणते.

तुमची,
खालच्या मजल्यावरची