सूचना : व्याख्या पक्क्या करण्याची बैठक

सदस्यहो,
जीवशास्त्रीय प्रतिमानांच्या (मॉडेल्सच्या) शब्दसूचीतल्या व्याख्या तपासायला येत्या रविवारी सकाळी १० वाजता रत्नागिरीत, नेहमीच्या वाचनालयाच्या माडीवर जमायचं आहे.

मुख्य घोळ 'दर' आणि 'दरस्थिरांक' यांचा. अभिक्रियेचा दर, म्हणजे वेग, सहसा सांद्रतेबरोबर (ठरावीक आकारमानात पदार्थ किती आहे त्याबरोबर) बदलतो. दरस्थिरांक, म्हणजे दर आणि सांद्रता यांना जोडणारा गुणक, ठरावीक तापमानाला तोच राहतो. मसुद्यात दोन्हींना एकच व्याख्या पडली आहे (चूक माझीच). 'मायकेलिस स्थिरांक'ही नीट लिहायचा आहे : एन्झाइमच्या अभिक्रियेचा वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो, ती सब्स्ट्रेटची (एन्झाइम ज्यावर काम करतं त्या पदार्थाची) सांद्रता. 'निम्मी सांद्रता' नव्हे!

• प्रत्येकाने दोन संज्ञा एककासह आणाव्यात.
• व्याख्येत तीच संज्ञा पुन्हा नको.
• जुनी व्याख्या खोडू नका, नवी खाली लिहा.

चिपळूण-गुहागरकरांनी पहिली एसटी धरावी. छत्री आणा, माडी गळते.