दुपारी इन्व्हर्टर का थांबतो

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, गच्चीवरच्या सोलर पॅनेलची वीज घराच्या लाइनला जोडणारा इन्व्हर्टर बिघडलेला नाही, बदलायची घाई नको. टीव्हीमागच्या रास्पबेरी पायने, म्हणजे त्या छोट्या संगणकाने, दर मिनिटाला टिपलेले आकडे मी इथून पाहिले. तीन किलोवॅटच्या पॅनेलना लख्ख उन्हात दिवसाला १२-१३ युनिट पडायला हवेत, आपले नवावरच अडतात. पॅनेलवर धूळ असती तर दिवसभरच थोडी थोडी तूट दिसली असती. इथे सकाळ-संध्याकाळ सगळं ठीक आहे. साडेअकरा ते दोनमध्येच आलेख एकदम शून्यावर आदळतो, पाचेक मिनिटांनी चढतो, पुन्हा आदळतो. शेजारच्या रकान्यात व्होल्टेज बघा: २५१, २५२, २५४ आणि बंद.

पुरवठा २३० व्होल्टचा. त्याच्या दहा टक्के वर, म्हणजे २५३ला, आपल्या इन्व्हर्टरची बंद व्हायची मर्यादा लावलेली आहे. दुपारी गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवरून वीज एकदम बाहेर जाते, घरात वापर नसतो, मग व्होल्टेज चढतो. वायर लांब किंवा बारीक असेल तर आणखीच.

वायरमनला दुपारी साडेबारालाच बोलवा. सोलापुरात सूर्य माथ्यावर येतो तो साधारण तेव्हा. सिस्टिम पूर्ण चालू असताना इन्व्हर्टरपाशी आणि मीटरपाशी लागोपाठ व्होल्टेज मोजायला सांगा. इन्व्हर्टरपाशी २५२ आणि मीटरपाशी २४६ आला, तर दोष आपल्याच वायरीत: स्क्रू आवळा, नाहीतर जाड केबल टाका. दोन्हीकडे जवळपास सारखाच चढा असेल, तर आकड्यांची प्रिंट जोडून वीज कार्यालयात अर्ज द्या, ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायची जोडणी, बदलता येतो. ‘सेटिंगमध्ये मर्यादा वाढवून देतो’ असं कुणी म्हटलं तर हात लावू देऊ नका. फ्रिज-पंख्यांनाही तोच व्होल्टेज सोसावा लागतो.

आई, तोवर बोअरची मोटर पहाटेऐवजी साडेबाराला लाव. एक एचपीची मोटर किलोवॅटभर खाते, तेवढी वीज बाहेर जायची थांबते. सलग तीन नोंदी २५०च्या वर गेल्या की टेलिग्रामवर निरोप येईल, असं प्रोग्राममध्ये घातलंय. व्होल्टेज शून्य दिसला तर लाइट गेलेत. तेव्हा ऊन असलं तरी इन्व्हर्टर बंदच राहतो, नियमच तसा आहे. रात्री रकाने रिकामे असतात, तेही बरोबर. दिवसाही रिकामे दिसले तर इन्व्हर्टरकडून रास्पबेरी पायला आकडे नेणाऱ्या आरएस-४८५ जोडणीच्या ए आणि बी या दोन बारीक वायरी सुटल्यात का बघा. उलट्या लागल्या तरी काही जळत नाही, फक्त उत्तर येत नाही, अदलाबदल करायची.

मे महिन्यात आकडे थोडे उतरतील, घाबरू नका. पॅनेल ६५ अंशांवर तापलं की २५च्या वरच्या दर अंशाला साधारण ०.३५ टक्के, म्हणजे १४ टक्के घट धरायची. धुतल्याने ती जात नाही. धुवायचंच तर उजाडताना, आणि नळाचं पाणी येईल त्या दिवशी. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसले की निघता निघत नाहीत.

वायरमनने मोजलेले दोन्ही आकडे वेळेसकट मला पाठवा.

तुमची,
सुमी