रेटिंग हलत नाही म्हणालीस, त्यावरून

चि. सोनू हीस,
अनेक आशीर्वाद.

परवा म्हणालीस, रोज एवढं बुद्धिबळ खेळते तरी रेटिंग जागचं हलत नाही. फोनवर हे नीट बोलता येत नाही, तू मधेच 'हो बाबा, हो बाबा' करून मोकळी होतेस. म्हणून लिहायला बसलो.

रात्री मेसमधून आल्यावर तीन-तीन मिनिटांचे डाव, एक हरला की वसुलीसाठी दुसरा, यात बोटं चालतात, डोकं नाही. करमणूक म्हणून माझी काही ना नाही, पण ती अभ्यासाच्या खात्यात मांडू नकोस.

मोठ्या स्पर्धा तू लाइव्ह बघतेस, ते चांगलंच आहे. फक्त स्क्रीनच्या कडेची, कोण वरचढ आहे ते संगणकाच्या हिशोबाने दाखवणारी ती काळी-पांढरी पट्टी झाकून बघ. पट्टी उघडी असली की आपण सगळेच जगज्जेत्यापेक्षा शहाणे होतो. चाल झाली, पट्टी घसरली, आपण म्हणतो 'अरेरे, चुकला'. का चुकला, हे कोण विचारतंय?

सिंगापूरच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला तो चौदावा डाव घे. १२ डिसेंबर २०२४, गुकेश आणि डिंग लिरेन, दोघांचे साडेसहा-साडेसहा गुण. पांढरी डिंगकडे. पटावर दोघांचा एकेक हत्ती, एकेक उंट, आणि गुकेशचं एक प्यादं जास्त. बरोबरी होणार असंच बहुतेक सगळे धरून होते. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ-२ या घरावर आणला. इथे थांब, पट मांड आणि काळ्याची चाल स्वतः शोध.

हत्तीला हत्ती मारला. मग गुकेशने उंट डी-५ वर नेऊन समोरासमोर उभा केला. डिंगचा उंट ए-८ च्या कोपऱ्यात, त्याला पळायला घर नाही, म्हणजे मारामारी टळत नाही. उंटही गेले, उरले राजे आणि प्यादी. डिंगचा राजा ई-३ वर आला, गुकेशचा ई-५ वर, आणि डिंगने डाव सोडला. दोन राजे समोरासमोर, मधे एकच रिकामं घर, आणि चाल पांढऱ्याची, म्हणजे वाट सोडायची ती त्यानेच. ओळखीचं वाटतंय ना? हीच ती ऑपोझिशन, तुझ्या पहिल्या क्लासच्या वहीतली, जिचा तुला कंटाळा यायचा. अठराव्या वर्षी जगज्जेतेपद पदरात पडलं ते या धड्यावर. आणि गंमत म्हणजे गुकेश नंतर म्हणाला, डिंगची ती एफ-२ची चूक त्याच्या लगेच लक्षातच आली नव्हती, तो हत्तीची दुसरीच चाल करणार होता. मग कोपऱ्यातला उंट दिसला. तो दिसल्यावर पुढचा प्याद्यांचा डाव जिंकणारा आहे हे त्याला पाठ होतं, म्हणून काम झालं.

तेव्हा रोज अर्धा-पाऊण तास काढ. आधी चार-पाच कोडी, पण पटावर मांडून. उत्तर सापडल्याशिवाय सोंगटीला हात लावायचा नाही. मग एक मोठा डाव. जिंकणाऱ्याच्या चाली कागदाने झाक, प्रत्येक वेळी तुझी चाल आधी लिही, मग त्याची बघ. जिथे जुळत नाही तिथेच बसून राहा. एक डाव चार दिवस चालला तरी चालेल. ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींचे, व्हिडिओ सध्या बंद. पंधरा चाली पाठ करून सोळाव्या चालीला हत्ती फुकट देण्यात काय अर्थ आहे?

डाव कोणाचे घ्यायचे म्हणशील, तर नागपूरच्या दिव्या देशमुखचे घे. २०२५ मध्ये बाटुमीला महिला वर्ल्ड कप खेळायला गेली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म, म्हणजे स्पर्धेतल्या ठरावीक कामगिरीचा टप्पा, नव्हता, आणि परत आली ती ग्रँडमास्टर होऊन. सगळे अंतिम फेरीतल्या कोनेरू हंपीविरुद्धच्या टायब्रेकचं, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या जलद डावांचं, बोलतात. मी तुला उपांत्य फेरीतला चीनच्या तान चोंगयीविरुद्धचा डाव बघायला सांगेन. १०१ चाली! चढउतार भरपूर आहेत, निर्दोष डाव नाही तो. पण कंटाळून सोडून न देणं म्हणजे काय, ते त्यात कळतं. तुझी गाडी चाळिसाव्या चालीच्या आसपास थकते, हे तुलाही ठाऊक आहे.

आणि तुझे स्वतःचे हरलेले डाव. ते तू हरल्या-हरल्या इंजिनला, म्हणजे चाली तपासणाऱ्या त्या संगणकाला, दाखवतेस, इंजिन लाल खूण करतं, तू 'हं' म्हणतेस आणि ॲप बंद. त्यातून काही हाती लागत नाही. आधी स्वतः लिही, त्या चालीच्या वेळी मनात काय होतं. घाई होती, घोडा दिसलाच नाही, की समोरच्याचं रेटिंग बघून घाबरलीस? हे इंजिनला कुठून कळणार? महिनाभर अशा नोंदी केल्यास की तीच तीच दोन-तीन कारणं वर येतील. माझा अंदाज घाईवर आहे, पण तू लिहून बघ.

रेटिंग तोवर बघू नकोस. बघशीलच म्हणा, पण रोज नको.

रविवारच्या स्पर्धेतल्या हरलेल्या डावाची स्कोअरशीट फोटो काढून पाठव, इंजिनला दाखवायच्या आधी. तू तिकडे पट मांड, मी इकडे मांडतो. आई विचारतेय, शेंगदाण्याची चटणी संपली का.

तुझे,
बाबा