अनुदान देण्याआधी गच्चीवर चढून पाहा

प्रति,
माननीय ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

फेब्रुवारी 2024 मध्ये छतावर सौर पॅनेल बसवण्यासाठी अनुदान देणारी पंतप्रधान सूर्यघर योजना आली. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी सोसायट्यांना किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान मिळते. ठाणे-नवी मुंबईच्या गच्च्यांवर त्यामुळे पॅनेल दिसू लागली, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण अनुदान ठरते किलोवॅटवर, म्हणजे संचाच्या क्षमतेवर, आणि सोसायटीचे बिल कमी होते युनिटने, म्हणजे प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेने. अर्धा दिवस सावलीत राहणारा 20 किलोवॅटचा संचही कागदावर 20 किलोवॅटचाच असतो.

आपल्याकडे एका किलोवॅटला सावली नसलेली साधारण 100 चौरस फूट जागा लागते आणि त्यातून वर्षाला 1,300 ते 1,500 युनिट मिळायला हवेत. घोडबंदर रोडवरच्या इमारतीत ही जागा शोधावी लागते. टाकी, लिफ्टची खोली, शेजारचा टॉवर, सगळ्यांची सावली हिवाळ्यात लांबते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी 9 वाजता 10 फुटी टाकीची सावली वायव्येला जवळजवळ 25 फूट जाते. दुपारी साडेबाराला तीच 9 फुटांवर येते. मे महिन्यात भर दुपारी पाहणी करणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

थोडी सावली पडली तर काय बिघडते? पॅनेलमधले सेल, म्हणजे वीज बनवणारे छोटे चौकोन, एकामागे एक जोडलेले असतात आणि सहसा तीन गटांत विभागलेले. एक सेल झाकला की त्या गटाचा बायपास डायोड (विजेला वळसा घालून पुढे नेणारा भाग) तो गटच वगळतो. म्हणजे हाताएवढ्या सावलीने पॅनेलची तिसरा हिस्सा वीज जाते. डायोड निकामी असेल तर झाकलेला सेल तापून करपतो.

आगीची भीती मात्र कनेक्टरपाशी, म्हणजे पॅनेलच्या वायरी जोडणाऱ्या खटक्यांपाशी, जास्त. दोन वेगळ्या कंपन्यांचे डीसी कनेक्टर एकमेकांत बसतात, पण आतला सांधा नीट जुळत नाही. तो तापतो, वितळतो, आणि पॅनेलमधून येणाऱ्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) विजेची ठिणगी घरातल्या एसी विजेसारखी सहज विझत नाही.

वाशी, ऐरोलीसारख्या खाडीलगतच्या भागात खारी हवा आहे. जस्ताचा मुलामा दिलेले स्ट्रक्चर चालते, पण जागेवर कापलेली टोके आणि पाडलेली भोके तशीच उघडी सोडली की गंज तिथूनच सुरू होतो. स्लॅबला भोक पाडून बोल्ट ठोकले की वॉटरप्रूफिंग गेले आणि पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावर गळती. काँक्रीटचे वजनदार ठोकळे वापरता येतात, मात्र स्लॅबचा भार आणि वाऱ्याचा जोर यांचा हिशेब अभियंत्याने आधी मांडलेला हवा.

आणखी एक. वीज गेल्यावर लिफ्ट सौर ऊर्जेवर चालेल, असे रहिवाशांना सर्रास सांगितले जाते. बॅटरी नसलेला, ग्रिडला (वीज कंपनीच्या जाळ्याला) जोडलेला संच वीज गेली की स्वतःहून बंद होतो. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते आवश्यकच आहे. ही गोष्ट करारात मराठीत ठळक छापायला लावा.

आमची मागणी अशी: अनुदान देण्याआधी सबंध वर्षाचा सावली-आराखडा, कनेक्टरचे जवळून काढलेले फोटो आणि डीसी, एसी व वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत नेणारी यंत्रणा) अशा तिन्ही अर्थिंगचे मोजलेले आकडे सक्तीचे करावेत. पहिल्या वर्षाचे प्रत्यक्ष युनिट अंदाजापेक्षा फार कमी भरले, तर ठेकेदाराकडून स्वखर्चाने दुरुस्ती करून घ्यावी.

आपले,
ठाणे-नवी मुंबईत सौर संच उभारणारे अभियंते