आधी वाचता येऊ दे, मग अभ्यासक्रम बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षण सुधारणेवर आपल्या पेपरात अधूनमधून लेख येतात, मी ते आवडीने वाचतो, काही कात्रणं काढूनही ठेवलीयत. पण दरवेळी एकच गोष्ट खटकते, म्हणून आज म्हटलं लिहूनच टाकूया. विकसनशील देशातली शाळा सुधारायची म्हटलं की चर्चा लगेच वरच्या मजल्यावर जाते. बोर्डाची परीक्षा कशी असावी, अभ्यासक्रमात कोडिंग घ्यावं का, मुलांना टॅब द्यावेत का लॅपटॉप, एकविसाव्या शतकातली कौशल्यं म्हणजे नक्की कुठली. आणि खाली तिसरी-चौथीतल्या पोराला चार ओळींचा उतारा वाचता येत नाही त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, कारण त्यात उद्घाटन करण्यासारखं काही नसतं.

मी तीसएक वर्षं पहिली ते पाचवीच्या वर्गांवर काढली, आता रिटायर आहे. माझं म्हणणं एवढंच की ज्या देशात निम्मी मुलं वाचायला न शिकताच वर सरकतायत त्या देशाने पुढची काही वर्षं बाकीच्या सुधारणा बाजूला ठेवाव्यात आणि फार तर तिसरी संपेपर्यंत प्रत्येक पोर समजून वाचेल हे एकच काम हातात घ्यावं. पैसा, ट्रेनिंग, बदल्या, तपासणी, सगळं त्या एका कामाला जुंपायचं. ऐकायला फारच किरकोळ वाटतं, आणि म्हणूनच ते होत नाही.

न वाचता येणारं पोर वर्गात कसं दिसतं ते आधी सांगतो, कारण ज्यांनी लहान वर्ग घेतलेला नाही त्यांना वाटतं की ते मान खाली घालून गप्प बसत असेल. अजिबात नाही. माझ्याकडे चौथीत एक मुलगा होता, धडा वाच म्हटलं की उभा राहून खणखणीत आवाजात घडाघडा म्हणायचा, साहेब तपासणीला आले की मीच त्याला उभा करायचो (हे सांगताना आता लाज वाटते). एकदा सहज त्याच्या मागे जाऊन थांबलो तर बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंड पाचव्या ओळीवर. अख्खा धडा पाठ होता त्याला. मग मी त्याच धड्यातली दोन वाक्यं उलटसुलट करून फळ्यावर लिहिली आणि वाच म्हटलं, तर पहिल्या शब्दावर थांबला, आणि नजरेने चित्र शोधायला लागला, फळ्यावर चित्र कुठून असणार. काना कळायचा, वेलांटी कधी कळायची कधी नाही, जोडाक्षर आलं की गाडी बंद. तीन वर्षं तो त्याच शाळेत होता आणि कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. खरं सांगायचं तर कोणी बघितलंच नव्हतं, मी पण नाही, कारण माझ्यापुढे पोर्शन होता आणि पोर्शन संपला का हे विचारणारे चार जण होते, याला वाचता येतं का हे विचारणारा एकही नव्हता.

जागतिक बँकेने २०१९ मध्ये याला नाव दिलं, लर्निंग पॉव्हर्टी. दहा वर्षांच्या मुलाला साधा मजकूर वाचून कळतो का, एवढाच प्रश्न. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ५३ टक्के मुलांना कळत नव्हता, आणि कोविडनंतर २०२२ मध्ये हाच अंदाज ७० टक्क्यांवर गेला. भारतात 'असर' ही शिक्षणाची पाहणी करणारे लोक २००५ पासून गावोगाव घरी जाऊन मुलांच्या हातात उताऱ्याचा कागद देतात, २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या पाचवीच्या साधारण ४९ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. राहिलेली निम्मी मुलं किमान तीन वर्षं मागे आहेत, आणि हे त्यांच्या प्रगतिपुस्तकावर कुठेही लिहिलेलं नसतं.

हे असं झालं कसं, तर गंमत म्हणजे एका चांगल्या कामातून झालं. मलावीने १९९४ ला, युगांडाने १९९७ ला, केनियाने २००३ ला सरकारी प्राथमिक शाळांची फी काढून टाकली. केनियात एका फटक्यात पट ५९ लाखांवरून ७२ लाखांच्या आसपास गेला. ज्यांच्या घरात आजवर कोणी शाळेची पायरी चढलं नव्हतं अशी मुलं वर्गात आली, ही केवढी मोठी गोष्ट. पण त्यांच्यासमोर ठेवलेला अभ्यासक्रम मात्र जुन्याच वळणाचा राहिला, इंग्रज साहेबाच्या राज्यात थोडीशी मुलं निवडून कचेरीत बसवायची होती त्यांच्यासाठी बेतलेला, ज्यात पहिलं वर्ष जेमतेम अक्षरांना आणि दुसऱ्या वर्षापासून धावायला सुरुवात. जो मागे पडला तो मागेच राहतो कारण पुढचा धडा मागचा येतो असं धरूनच लिहिलेला असतो. शिक्षकही पुढच्या बाकावरच्या आठदहा मुलांची मान हलतेय ना ते बघून पुढे जातो, मीही तेच केलं.

आता पैसे टाकून हे सुटेल असं वाटणाऱ्यांसाठी इंडोनेशिया बघा. तिथे २००५ च्या कायद्याने प्रमाणपत्र मिळवलेल्या शिक्षकाला मूळ पगाराइतकाच भत्ता सुरू झाला, म्हणजे मूळ पगार डबल. पुढे अभ्यासकांनी शेकडो शाळांमध्ये मोजून बघितलं (हा अभ्यास २०१८ मध्ये छापून आला) तर शिक्षक जास्त समाधानी झाले होते, जोडधंदे कमी झाले होते, पैशाची ओढाताण थांबली होती आणि मुलांच्या शिकण्यात काहीच फरक नव्हता. शिक्षकाला चांगला पगार नको असं मी मेलो तरी म्हणणार नाही, पण वर्गात काय करायचं हे तसंच ठेवून पगार वाढवला तर वर्गात तेच होणार जे आधी होत होतं. पेरूने लाखो मुलांना छोटे लॅपटॉप वाटले, ३१९ शाळांचा अभ्यास झाला, गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही. अरे ज्याला वाचता येत नाही तो स्क्रीनवर तरी काय वाचणार.

आणि दुसऱ्या टोकाला मेक्सिको. २०१३ ला त्यांनी शिक्षकांची परीक्षा घ्यायची, पुन्हा पुन्हा नापास झाला तर वर्गावरून काढायचं असा कायदा आणला, शिक्षक रस्त्यावर उतरले, काही ठिकाणी महिनोन्महिने शाळा बंद, २०१९ ला सरकार बदलल्यावर कायदा गुंडाळला. शिक्षकाला आधी चोर ठरवून सुधारणा करायला गेलं की असंच होतं.

मग जमलं कुणाला? मला सगळ्यात आवडतं ते ब्राझीलमधलं सोब्राल. सेआरा नावाच्या गरीब, दुष्काळी राज्यातलं गाव, म्हणजे शहरच म्हणा. २००० च्या सुमाराला तिथल्या लोकांनी स्वतःच मुलांना वाचायला लावून बघितलं आणि सुरुवातीच्या वर्गातल्या जवळपास निम्म्यांना वाचता येत नाही हे कळल्यावर ते झाकून न ठेवता कामाला लागले. पहिलं काम काय केलं असेल तर मुख्याध्यापक राजकीय वशिल्याने नेमणं बंद केलं, निवड परीक्षा घेऊन नेमायला लागले. मग लहान वर्गांना हुशार शिक्षक द्यायचे (बहुतेक ठिकाणी उलटं असतं, चांगला शिक्षक बोर्डाच्या वर्गाला आणि नवखा पहिलीला), शिक्षकांना रोजच्या तासाचं साहित्य आणि नियमित ट्रेनिंग, आणि वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाचं वाचन शाळेबाहेरच्या माणसाने ऐकायचं. एवढंच. २००५ मध्ये प्राथमिक शाळांच्या राष्ट्रीय निर्देशांकात सोब्रालचा नंबर हजाराच्या पुढे होता, २०१७ मध्ये देशात पहिला. गाव श्रीमंत झालं नव्हतं मधल्या काळात.

सेआरा राज्याने पुढे जे केलं ते तर आपल्या अर्थखात्यातल्या लोकांनी फ्रेम करून लावावं. राज्याच्या मुख्य विक्रीकराचा २५ टक्के हिस्सा नगरपालिकांना जातो, त्यातला चौथा भाग वाटायचा निकष तेव्हा राज्य ठरवू शकत होतं. २००७ च्या कायद्याने त्यांनी ठरवलं की नगरपालिकांच्या एकूण हिश्श्यातले १८ टक्के शिक्षणाच्या निकालावर वाटायचे, आणि निकाल म्हणजे बोर्डाचे टॉपर नाहीत, लहान मुलं वाचायला शिकली का हा त्यातला महत्त्वाचा भाग. झालं, ज्या महापौराला शाळा कुठल्या रस्त्यावर आहे हे माहीत नव्हतं तो दुसरीच्या वाचनाची चौकशी करायला लागला, कारण गटाराचे पैसेही आता त्यावर अवलंबून! शिवाय नुसती स्पर्धा लावून राज्य मोकळं झालं नाही, त्याच वर्षी सगळ्या नगरपालिकांना पुस्तकं आणि ट्रेनिंग द्यायचा कार्यक्रमही सुरू केला. हे दोन्ही एकत्र होतं म्हणून चाललं, नुसती छडी असती तर आकडे फुगवले असते लोकांनी, आम्ही पण फुगवलेत.

केनियाने हेच काम देशभर करून दाखवलं. तुसोमे म्हणजे स्वाहिलीत 'चला वाचूया'. २०१५ पासून सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांत, वीस हजारांच्या वर शाळा, प्रत्येक मुलाच्या हातात स्वतःचं पुस्तक, शिक्षकाकडे कुठल्या दिवशी काय घ्यायचं याची तयार आखणी, आणि महत्त्वाचं म्हणजे वर्गात येऊन मागे बसून शिक्षकाला मदत करणारा अधिकारी. हे अधिकारी आधीही होते, पण खुर्चीत बसून रिपोर्ट गोळा करायचे. आता त्यांचा प्रवासभत्ताच वर्गभेटीला जोडला, टॅबवर भेटीची नोंद झाली तरच पैसे. मला हे वाचून हसूच आलं कारण माझ्या नोकरीत साहेब वर्गात आला की सगळ्यात आधी हजेरीपट आणि टाचणवही मागायचा, मुलाला समोर घेऊन वाच रे बाळा म्हणणारा साहेब मला दोनदाच भेटला.

जी मुलं आधीच पुढच्या वर्गात जाऊन अडकलीयत त्यांचं काय, हा प्रश्न लगेच येतो. त्याचं उत्तर मुंबईतल्याच 'प्रथम' संस्थेच्या कामातून निघालं आणि आता आफ्रिकेत झांबियासारखे देश ते सरकारी शाळांत वापरतायत. दिवसातला तासदीड तास वय, इयत्ता विसरायची, तिसरी ते पाचवीची मुलं वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवायची, अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले दुसरीकडे, उतारावाले तिसरीकडे, आणि जिथे आहेत तिथून शिकवायचं. अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांनी ज्या कामांची बारकाईने तपासणी केली त्यात हे होतं, २०१९ चं नोबेल त्यांना मिळालं हे सगळ्यांना माहितीच आहे. माझ्या त्या मुलाबरोबर मी नकळत तेच केलं होतं, पुस्तक बंद करून तो जे बोलेल ते फळ्यावर लिहायचं आणि त्याच्याकडूनच वाचून घ्यायचं. चार महिने लागले. त्या चार महिन्यांत माझा पोर्शन मागे पडला आणि मला मेमो आला.

भाषेचं एक राहिलं. जी भाषा पोराच्या कानावर कधी पडलेली नाही तिच्यात ते अक्षर जुळवेलही पण अर्थ कुठून आणणार. रवांडाने २००८ मध्ये शाळेची भाषा फ्रेंचवरून इंग्रजी करायचं ठरवलं, तेही इतक्या घाईत की शिकवणाऱ्यांनाच ती धड येत नव्हती, काही वर्षांत लहान वर्ग परत स्वतःच्या भाषेत आणावे लागले, आणि २०१९ ला पुन्हा इंग्रजी. पालकांना इंग्रजी हवी असते हे मला कळतं, मी पालकही होतो. पण आधी एका भाषेत वाचायला आलं की दुसरी चढते, दोन्ही अर्धवट राहिल्या की काहीच चढत नाही.

गरीब देशाला हे परवडत नाही म्हणतात. व्हिएतनाम २०१२ मध्ये पहिल्यांदा पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेला बसला, गणितात ५११ गुण, श्रीमंत देशांच्या क्लबची सरासरी होती ४९४. शाळा सोडून गेलेली मुलं त्यात धरली जात नाहीत हे खरं, तरी जी वर्गात होती ती शिकली होती ना.

तर संपादकसाहेब, माझी विनंती साधी आहे. निकालाच्या दिवशी टॉपरचे फोटो छापता ते छापाच, पण वर्षातून एकदा तुमचा एखादा वार्ताहर कुठल्याही एका शाळेत पाठवा, न सांगता, तिसरीच्या वर्गात. प्रत्येक मुलाला एकेकटं बाहेर बोलवायचं, चार ओळी समोर धरायच्या आणि कितींना वाचता आल्या तो आकडा छापायचा. फक्त उतारा नवीन लिहून न्या, पुस्तकातला नको, तो त्यांना पाठ असतो.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक